ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी व्होल्टेज मोजा

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या एखाद्या नव्या कॉलनीत घर बांधायला घेतलं की पहिली झटापट विजेशी होते. मीटर प्लॉटच्या एका कोपऱ्यात, काम दुसऱ्या टोकाला आणि मध्ये चाळीस-पन्नास मीटर वायर, तीही जागोजागी टेप गुंडाळलेली. फरशीवाल्याचा कटर दगडात शिरला की त्याच वायरवरचा बल्ब मंदावतो. ब्रेकरवाला म्हणतो, मशीनला जोर नाही. थोड्या दिवसांत एखादं आर्मेचर वाइंडिंगच्या दुकानात जातं, आणि मग कुणीतरी जाणता माणूस सांगतो, ‘साइटला एक ट्रान्सफॉर्मर लावून टाका.’

हा सल्ला कधी बरोबर असतो, पण बहुतेक वेळा घाईचा असतो. ट्रान्सफॉर्मर या नावाखाली बाजारात तीन वेगळ्या पेट्या मिळतात. एक स्टॅबिलायझर, जो कमी-जास्त व्होल्टेज २३०च्या आसपास आणतो. दुसरा २३०चे ११० करणारा. तिसरा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, जो व्होल्टेज बदलो वा न बदलो, मशीनला लाइनपासून तोडून वेगळं ठेवतो. तिघींची कामं वेगळी आहेत. एकीचं काम दुसरीकडून होत नाही, आणि पुष्कळ साइटना तिघींपैकी एकीचीही गरज नसते. म्हणून पैसे मोजण्याआधी व्होल्टेज मोजा.

मोजायचं ते रिकाम्या सॉकेटवर मोजून उपयोग नाही. तिथे २३० दिसेलच. कटर दगडात असताना, ब्रेकर काँक्रीटमध्ये असताना मोजायचं. एक माणूस मशीन चालवेल, दुसरा मल्टिमीटरने मशीनजवळच्या सॉकेटवर आकडा पाहील. त्यानंतर तसंच मशीन चालू ठेवून मीटरच्या बोर्डावर पाहायचं. भारताचं ठरलेलं व्होल्टेज २३०, त्यात दहा टक्के खाली धरले तर २०७. मशीनपाशी २०७च्या वर मिळत असेल तर तुमचा दोष व्होल्टेजचा नाही. मशीन, कार्बन किंवा चालवणारा हात तपासा. बोर्डावर २२५ आणि मशीनपाशी १९५ दिसले, तर मधली वायर वीज खाते आहे. आणि बोर्डावरच १९० दिसले, तर दुखणं सर्व्हिस वायरीत किंवा डीपीत आहे. तिथे तुम्ही तुमच्या प्लॉटवर काहीही लावलंत तरी मुळाशी जाता येणार नाही. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार द्या.

हे मोजमाप दोन वेळा करावं, दुपारी आणि नळाला पाणी यायच्या वेळी. नळाला पाणी आलं की गल्लीतल्या मोटारी एकदम घरघरू लागतात आणि व्होल्टेज बसतं. (नळाला थेट मोटार लावू नये हे सगळ्यांना माहीत असतं. मोटारी तरीही असतात.) तेवढा तासभर ब्रेकरचं काम थांबवून हाताची कामं काढली, तर काहीही विकत न घेता मशीन वाचतं.

वायरचा हिशेब

बहुतेक साइटवर गुन्हेगार वायरच निघते, म्हणून इथे थोडं थांबू. पन्नास मीटर अंतर म्हणजे जाण्या-येण्याचं मिळून शंभर मीटर तांबं. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरचा शंभर मीटरचा रोध साधारण १.३३ ओहम. मशीन १० अँपिअर घेत असेल तर वाटेतच १३ व्होल्ट गेले. २.५च्या वायरीत ८ व्होल्ट जातात, ४च्या वायरीत ५. हे झालं मशीन फिरत असतानाचं. सुरू होताना मशीन काही क्षण याच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढतं, म्हणून बल्ब डोळे मिचकावतो. उन्हात तापलेल्या तांब्याचा रोध आणखी वाढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि स्लॅबवर पडलेली काळी वायर त्याहून तापलेली असते.

अ‍ॅल्युमिनियमची जुनी सर्व्हिस वायर एक्स्टेन्शन म्हणून वापरणारेही आहेत. तेवढ्याच जाडीत तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, आणि वाकवून वाकवून ती आतून तुटते. वायर घेताना आयएस ६९४चा आयएसआय शिक्का बघा, कारण ‘१.५’ छापलेली पण आत तांबं कमी असलेली वायर खुलेआम विकली जाते. आणखी एक सवय मोडायला हवी. रीळवरची वायर अर्धी सोडून उरलेली गुंडाळलेली ठेवायची नाही. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही, आतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि एक दिवस दोन तारा आतच चिकटतात.

कमी व्होल्टेजने मशीन जळतं कसं, हे कारागिराला समजावून सांगावं. २३०ऐवजी १९० मिळाले तर मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जवळपास दोन तृतीयांशावर येतो. मशीन कापत नाही म्हणून माणूस ते दाबतो. दाबलं की फेरे कमी होतात. फेऱ्यांबरोबर आतला पंखाही मंदावतो, पण प्रवाह मात्र वाढतो. उष्णता वाढलेली आणि वारा कमी झालेला, अशात आर्मेचर काळं पडतं. वाइंडिंगवाला ‘ओव्हरलोड’ म्हणतो ते खरंच असतं, फक्त ओझं हाताचं होतं.

आता स्टॅबिलायझर. पेटी वाईट नाही, पण ती कुठे लावता यावर सगळं आहे. बारीक वायरच्या शेवटी, मशीनपाशी स्टॅबिलायझर ठेवला तर तो १८० व्होल्टवरून २३० करण्यासाठी १० अँपिअरऐवजी तेरा अँपिअरच्या घरात प्रवाह ओढतो. वायर बारीक होती म्हणूनच व्होल्टेज पडलं होतं. आता त्याच वायरीतून जास्त प्रवाह म्हणजे आणखी घट. आधी वायर जाड करा. त्यानंतरही बोर्डावरच व्होल्टेज कमी असेल आणि महावितरणकडून लगेच काही होण्यासारखं नसेल, तरच बोर्डाजवळ स्टॅबिलायझर लावा.

मशीनच्या पाटीवर काय वाचायचं

प्रत्येक मशीनवर धातूची किंवा कागदी पाटी असते. तिच्यावर व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट किंवा अँपिअर लिहिलेले असतात. चार इंची ग्राइंडर साधारण ६०० ते ८५० वॅटचा. मार्बल कटर हजार ते चौदाशे. भिंतीत छिद्रं पाडणारा हॅमर ड्रिल आठशेच्या आसपास. मोठा ब्रेकर पंधराशे ते साडेसतराशे. चौदा इंची चॉप सॉ दोन हजारांच्या वर. २३० व्होल्टवर हजार वॅट म्हणजे सुमारे साडेचार अँपिअर, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचा हिशेब तोंडी होतो.

पाण्याच्या मोटारीसाठी मात्र हा हिशेब करू नका. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट हे तिचं बाहेर येणारं काम. आत घेते ती त्याहून बरंच जास्त, आणि सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट. छोटा पेट्रोल जनरेटर ग्राइंडर मजेत चालवतो आणि एक हॉर्सपॉवरच्या मोटारीपुढे मान टाकतो, त्याचं कारण हेच. वेल्डिंग मशीनचीही वेगळी गोष्ट. ते साइटवरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर कधीच जोडू नये. त्याला बोर्डावरून स्वतःची जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी द्यावा.

११० व्होल्टची मशीन कुठून येतात

खरा ट्रान्सफॉर्मर लागतो तो दोन प्रसंगांत. पहिला प्रसंग खानदेशातल्या अनेक घरांत आलेला आहे. अमेरिकेतून मुलगा सुटीवर येतो आणि बॅगेतून डिवॉल्ट किंवा मिलवॉकीची मशीन आणतो. ती असतात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. सौदीत राहून आलेल्यांकडे १२७ व्होल्टची जुनी यंत्रं निघतात. इंग्लंडच्या बांधकामावरची पिवळ्या प्लगची मशीन ११० व्होल्टची. २३० व्होल्टला लावलं की यातलं कोणतंही मशीन काही सेकंदांत जातं. व्होल्टेज दुपटीच्या आसपास, म्हणजे उष्णता चौपटीच्या आसपास.

ड्रिल, ग्राइंडर, कटर, हाताची गोल करवत यांत कार्बन ब्रशची मोटार असते. तिला ५० आणि ६० हर्ट्झचा फरक पडत नाही. व्होल्टेज बरोबर मिळालं की पुरे, आणि १२०चं मशीन ११०वर थोडं मंद पण ठीक चालतं. ब्रश नसलेली इंडक्शन मोटार असलेली यंत्रं वेगळी, म्हणजे कॉम्प्रेसर, बेंच ग्राइंडर, टेबलावरची जड करवत. ६० हर्ट्झसाठी बनवलेली अशी मोटार आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने मंद फिरते आणि पूर्ण १२० व्होल्ट दिले तर गरम होते. तिला शंभरच्या आसपास व्होल्ट द्यावे लागतात. माझा सल्ला सरळ आहे. ती तिकडेच विकून या, विमानात वजन वाहू नका.

बॅटरीच्या मशीनचा चार्जर आधी उलटा करून वाचा. ‘१००–२४०’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. अमेरिकेतल्या पुष्कळ चार्जरवर नुसतं १२० असतं, त्यांना ट्रान्सफॉर्मर हवा किंवा इथला चार्जर घ्यावा. प्रवाशांसाठी मिळणारे हलके, हातात मावणारे ‘दोन हजार वॅटचे कन्व्हर्टर’ मशीनसाठी अजिबात घेऊ नका. त्यांत गुंडाळी नसते, दिवा मंद करणाऱ्या रेग्युलेटरसारखं सर्किट असतं. इस्त्री कदाचित चालेल, ड्रिल चालणार नाही.

ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा घ्यायचा? अमेरिकेतल्या मशीनवर वॅटपेक्षा अँपिअर लिहिलेले असतात. समजा ग्राइंडरवर १२० व्होल्ट, ११ अँपिअर आहे. गुणाकार १३२० व्हीए. त्यात सुरू होतानाचा धक्का, दाबून चालवण्याची सवय आणि आपला उन्हाळा धरून दीडपट करा. दोन केव्हीए आले. पंधरा अँपिअरच्या करवतीला अठराशे व्हीए, म्हणजे तीन केव्हीए. दोन मशीन एकाच वेळी चालणार असतील तर आधी दोघांची बेरीज करा, मग दीडपट.

इथेच मुख्य फसगत होते. पेटीवरचा मोठा आकडा बहुधा ‘थांबून-थांबून’ चालवण्याचा असतो. पाच मिनिटं चालू आणि पंधरा मिनिटं बंद, अशा हिशेबाने तीन केव्हीए लिहिलेली पेटी सलग चालवली तर दीड केव्हीएचीच. तापणं प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असतं. वीस मिनिटांतली पाच मिनिटं म्हणजे चौथा हिस्सा, आणि चौथ्या हिश्श्याचं वर्गमूळ अर्धं. त्यामुळे दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, ‘सलग किती?’ त्याने उत्तर न देता मोठ्या आकड्याकडे बोट दाखवलं, तर तो आकडा अर्धा धरा. ड्रिलला थांबून-थांबूनची पेटी चालते, कारण छिद्र पाडलं की हात थांबतो. फरशी कापणाऱ्याला चालत नाही, तो अर्धा दिवस कटर खाली ठेवत नाही. पंचवीस टक्के जास्त ओझं टाकलं तर गुंडाळीतली उष्णता दीडपटीहून वाढते. तसंच अनेक ट्रान्सफॉर्मर भोवतालचं तापमान चाळीस अंशांपर्यंत धरून बनवलेले असतात. पत्र्याच्या शेडखाली आपल्याकडे मे महिन्यात चाळीस सकाळीच होतात. पेटी सावलीत, वारा लागेल अशी, विटांवर उचलून ठेवा. तिच्यावर गोणी टाकू नका.

ओली जागा, विहीर, टाकी

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. विहिरीत उतरून खडक फोडायचा, जमिनीखालच्या टाकीत गळती दुरुस्त करायची, पायाच्या खड्ड्यात पाणी असताना ब्रेकर चालवायचा. आषाढीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो तोवर पाऊस सुरू झालेला असतो, आणि बांधकाम काही पावसासाठी थांबत नाही. ओल्या अंगाने, ओल्या जमिनीवर उभ्या माणसाला २३० व्होल्टचा धक्का म्हणजे जिवाशी गाठ.

इंग्लंडमध्ये बांधकामावर पिवळ्या पेटीतला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सर्रास दिसतो, तो यासाठी. त्याची मेख ११० या आकड्यात नाही. त्याच्या बाहेरच्या गुंडाळीचा मधला बिंदू अर्थला जोडलेला असतो. दोन्ही टोकं जमिनीपासून पंचावन्न-पंचावन्न व्होल्टवर राहतात. मशीनला ११० मिळतात, पण एका तारेला हात लागलेल्या माणसाला पंचावन्नच.

आपल्याकडे ‘२३०-११०’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पेट्या ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत आत-बाहेर एकच गुंडाळी, एक तार दोघांना सामाईक. परदेशी मशीन त्यावर चालेल, पण सुरक्षितता शून्य. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर सामाईक तारच फेज होते आणि ‘११० व्होल्टच्या’ मशीनची एक तार जमिनीपासून थेट २३०वर बसते. ओळखणं सोपं आहे. पेटी लाइनपासून पूर्ण सोडवा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक इनपुटला आणि दुसरं आउटपुटला लावा. बीप वाजला की ऑटो. अशी पेटी विहिरीवर नेऊ नका.

आत-बाहेर वेगळ्या गुंडाळ्या असलेला ट्रान्सफॉर्मर घेतलात तर तो टाकीच्या वर, कोरड्यावर ठेवायचा. २३०ची वायर छोटी, उंचावरून नेलेली. खाली जाते ती ११०चीच वायर. ती मात्र जाड हवी, कारण तेवढ्याच कामाला ११० व्होल्टवर प्रवाह दुप्पट. वर हिशेब केला त्या पन्नास मीटर १.५च्या वायरीत वीस अँपिअर गेले तर सव्वीस-सत्तावीस व्होल्ट गळतात, ११०पैकी चौथा हिस्सा. लांबी जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा आणि ४ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. दोन्ही तारा जिवंत असल्यामुळे एमसीबीही दोन पोलचा लागतो. ११०च्या मशीनला आपली नेहमीची तीन पिन कधीही बसवू नका. कुणीतरी एक दिवस ती भिंतीत घालतोच. पिवळ्या रंगाचे औद्योगिक प्लग-सॉकेट खास या व्होल्टेजसाठी असतात, ते घ्या. ते निळ्या २३०च्या सॉकेटात जात नाहीत.

मधला बिंदू अर्थ न केलेला, नुसता वेगळ्या गुंडाळीचा २३०-२३० ट्रान्सफॉर्मरही वापरतात. त्याचं संरक्षण एका वेळी एकच मशीन जोडलं तरच खरं. दोन मशीन जोडली आणि दोघांत दोष निघाला तर वेगळेपण संपलं.

टाकीच्या आत उजेडासाठी २४ व्होल्टचा हातदिवा घ्या. आधीच्या कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ३६-अ नुसार कारखान्यातल्या टाकी, खड्डा, पाइप अशा कोंदट जागेत पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर २४ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेजचा हातदिवा किंवा उपकरण नेता येत नसे. घराच्या बांधकामाला तो कायदा लागू नव्हता तरी माणसाचं अंग तेच. जनरेटरचा धूरही टाकीत जाऊ देऊ नका, जनरेटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. चार-सहा छिद्रांचंच काम असेल तर बॅटरीचा ड्रिल घेऊन उतरावं. त्याला ट्रान्सफॉर्मरही नको आणि वायरही नको.

आणि ज्यांना ट्रान्सफॉर्मर लागत नाही, त्या सगळ्या साइटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, ज्याला बाजारात अजून ईएलसीबी म्हणतात. तो बोर्डावर मीटरनंतर लगेच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. पावसात तो वारंवार पडतो म्हणून त्याला बायपास करणारे कारागीर आहेत. तो पडतो म्हणजे कुठेतरी ओल विजेला जमिनीत नेते आहे. ती जागा शोधा. अर्थिंगचंही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला सोडते, म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला दोनच तारा असतात. तिसरी तार लावायचा उत्साह दाखवू नये.

जोडणी कुणाची, यावरही दोन शब्द. बांधकामासाठी तात्पुरती जोडणी घ्या, मंजूर भार वरच्या हिशेबाने मागा. तिचा दर चढा असतो म्हणून लोक शेजारच्या घरगुती मीटरवरून वायर ओढतात. परवानगी ज्या कामाची, त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरणं विद्युत अधिनियम २००३च्या कलम १२६मध्ये अनधिकृत वापर ठरतं, आणि आकडा टाकणं तर कलम १३५ची चोरी. बिल शेजाऱ्याच्या नावावर येतं, भांडण तुमच्या.

ट्रान्सफॉर्मर चालू करताना एमसीबी पडतो, अशी तक्रार हमखास येते. मोठी गुंडाळी चालू होताना क्षणभर जबर प्रवाह ओढते, बी कर्व्हचा एमसीबी त्याला दोष समजतो. सी कर्व्हचा लावा, तरीही पडला तर डी कर्व्हचा, पण अँपिअर वाढवू नका. आधी पेटी चालू करायची, मग मशीनचं बटण, आणि काम संपलं की पेटीही बंद.

जळगावात वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर बनवून घेणं शक्य आहे आणि ते पुष्कळदा तयार पेटीपेक्षा बरं ठरतं. बोलताना नुसतं ‘तीन केव्हीए’ सांगू नका. इनपुट २३०, आउटपुट ११० मध्यबिंदूसह, सलग इतके केव्हीए, वेगळ्या गुंडाळ्या, तांब्याची वायर, उष्णतेचा वर्ग एफ, हे सगळं बिलावर लिहून घ्या. वर्ग एफ म्हणजे इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंत टिकणारं. पेटी हाती आल्यावर पहिल्याच दिवशी रिकामं व्होल्टेज मोजा, मग पाटीवरचं पूर्ण ओझं टाकून तासभर चालवा आणि पेटीच्या सॉकेटवर पुन्हा मोजा. ११०चे १०५ झाले तर ठीक. नव्या वार्निशचा थोडा वास येईल, तोही ठीक. ९५वर आले तर गुंडाळीत किंवा गाभ्याच्या पट्ट्यांत हात आखडलेला आहे. पैसे पूर्ण देण्याआधी ती परत करा.